पेठेचा होकार

गोदाक्का वारून दोन वर्षं झाली होती, तरी त्या दिवशी तिनं मत दिलं. आणि तेही होकाराचं!

संस्थेच्या गारेगार सभागृहात भिंतीवरच्या स्पीकरमधून तिचा आवाज आला. तोच चिरका, मध्येच खोकल्यानं तुटणारा. "पाव्हनं, तुमी एवढं लांबनं आलायसा. आमी काय न्हाई म्हनतोय व्हय? करा की." मग तानाक्का बोलली, सरूबाई बोलली, परटाची लक्ष्मी बोलली. गोदाक्कासकट एकशे बेचाळीस बायकांनी एकमेकींना टोकलं, मधेच दोघी भांडल्यासुद्धा, आणि सहा मिनिटांत पिवळ्या पेठेनं आपल्या हवेत जिवाणू सोडायला संमती दिली. त्या वेळी खरी पिवळी पेठ चार किलोमीटरवर हळद निवडत बसली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सारिका भोरे दुसऱ्या रांगेत होती. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, त्यावर 'समाज-संशोधक' असा हुद्दा. टाळ्या पडल्या तेव्हा सवयीनं तिचेही हात वर आले आणि तिथंच अडकले. गोदाक्काला शेवटची आंघोळ तिनं स्वतःच्या हातानं घातली होती. मेलेल्या बाईच्या होकाराला टाळ्या कशा वाजवायच्या, हे तेरा वर्षांच्या नोकरीत तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पिवळी पेठ म्हणजे कृष्णाकाठच्या त्या शहरात हळदीच्या कारखान्यांना चिकटून वाढलेली वस्ती. वाळलेली हळकुंडं मोठ्या लोखंडी ढोलात घालून फिरवायची, घासून चकचकीत करायची, मग निवडायची, पोत्यांत भरायची. ही सगळी बायकांची कामं. त्यात जी धूळ उडते तिच्यात हळद थोडी आणि हळकुंडावरची माती फार. ती छातीत बसते. चाळिशीत सुरू होणाऱ्या त्या खोकल्याला शहरात नावच आहे, पेठेचा खोकला. सारिका त्याच पेठेतली, तिची आई त्यानंच गेली.

तेरा वर्षांपूर्वी ओगलेसर आले. मोठे डॉक्टर, पण अंगणात मांडी घालून बसायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "दुखणं तुमचं आहे, तेव्हा प्रश्नही तुम्हीच विचारायचे. मी आपला मोजमापाला मदत करीन." असलं काही पेठेनं जन्मात ऐकलं नव्हतं. बायकांनी कारखान्यात जागोजागी ओली फडकी टांगली, संध्याकाळी ती वाळवून वजन करून बघितली, आणि त्यांना कळलं की सगळ्यात वाईट धूळ ढोलापाशी नाही, रिकामी पोती झटकतात त्या कोपऱ्यात असते. तिथं धूळ ओढून घेणारा एक पंखा बसवला तर निम्मा खोकला जाईल. हा शोध परदेशातल्या नियतकालिकात छापून आला, खाली सारिकाचं नाव. कारखानदार म्हणाले, बघू. ते अजून बघताहेत.

आता या पेठेची एक रीत सांगायला हवी. पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही, म्हणजे नाही! बैठकीत सगळ्या होच म्हणणार. मग शेवटी कातरलेल्या सुपारीचं ताट फिरतं. जिला पटलं ती खांड उचलते. जिला पटलं नाही ती ताटाला बोटं लावून कपाळाला लावते आणि ताट पुढं सरकवते. ताट भरलेलं परत आलं की ज्यानं त्यानं समजायचं. त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

ओगलेसरांना सुरुवातीला हे कुठलं ठाऊक? तिसऱ्या बैठकीत त्यांना पेठेतल्या सगळ्या पोरींचं रक्त तपासायचं होतं. सगळ्या म्हणाल्या, घ्या की सर. ताट फिरलं आणि जसंच्या तसं परत आलं. गोदाक्कानं ते सरांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "सर, चा घिऊन जावा." सरांनी एकदा ताटाकडं बघितलं आणि चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, रक्ताचं राहू द्या. त्यानंतर नऊ वेळा ताट भरलेलं परत आलं आणि नऊही वेळा सरांनी बेत गुंडाळला.

बैठकांचं इतिवृत्त सारिका लिहायची. तिनं प्रत्येक वेळी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.' ताट भरून आलं तर त्याखाली एक ओळ, 'काम सध्या पुढे ढकलले.' तिला यात काही वावगं वाटलंच नाही. कागदावर नकार लिहिणं म्हणजे सरांच्या तोंडावरच नाही म्हणणं झालं! सर हसून खाली सही करायचे. ते होते तोवर कागदाला कोण विचारत होतं? मग सर निवृत्त झाले, आणि वर्षभरात गेले.

त्यांच्या जागी डॉक्टर मृण्मयी दातार आल्या, आणि त्यांच्यासोबत प्रतिपेठ आली.

प्रतिपेठ हे एक यंत्र होतं, म्हणजे खरं तर संस्थेच्या संगणकांत राहणारी दुसरी पेठ. तेरा वर्षांच्या बैठकांचे आवाज, बायकांनी रोज पाठवलेले खोकल्याचे निरोप, घरोघरच्या मुलाखती, हे सगळं त्याला खायला घातलं होतं. त्यातून एकेका बाईचं प्रतिरूप तयार झालं. ती कशी बोलते, कुणाचं ऐकते, कशावर चिडते, सगळं त्यात होतं. प्रश्न टाकला की ही प्रतिरूपं आपसांत चर्चा करत आणि निर्णयावर येत. खऱ्या पेठेला जिथं सहा महिने लागत, तिथं यांना सहा मिनिटं. समाजाचा सहभाग तर हवा, पण समाजाला सवड कुठं असते? त्यावर निघालेला हा तोडगा. देशातल्या नीतिसमित्यांनी तो उचलून धरला होता.

आणि जिवाणूंचं प्रकरण असं. प्रयोगशाळेत बदल करून घडवलेले हे जिवाणू श्वासनळीच्या ओलाव्यात राहतात आणि तिथं साचलेल्या मातीच्या कणांभोवती चिकट वेष्टण करून ते बाहेर ढकलतात. फवाऱ्यातून एकदा श्वासात गेले की झालं. पण ते एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जातात. एकीला दिले की महिन्याभरात घराला, मग गल्लीला. एकेकीची सही घेऊन भागत नाही, होकार अख्ख्या वस्तीचा लागतो. तो होकार आता सहा मिनिटांत मिळाला होता. पंधरा दिवसांनी कारखान्यांत फवारा सुरू होणार होता, आणि सारिकाची एकुलती एक मुलगी स्वरा पाच महिन्यांची पोटुशी, त्याच कारखान्यात निवडणीला बसत होती. गरोदर बाईवर तो फवारा तोवर कुणी वापरून बघितलेला नव्हता.

कार्यक्रम संपताच सारिकानं दातारबाईंना गाठलं. "मॅडम, बायका याला हो म्हणायच्या नाहीत. त्यांना पंखा पाहिजे. धूळ तशीच ठेवायची आणि छात्या बदलायच्या, हे कुठलं शहाणपण?"

दातारबाई वाईट नव्हत्या, हेच तर दुखणं होतं. त्यांनी सारिकाला खुर्ची दिली. "ताई, जुने चौतीस निर्णय होते. आम्ही ते एकेक करून झाकले आणि प्रतिपेठेला नव्यानं विचारलं. चौतीसच्या चौतीस जुळले. आणि खरे निर्णय काय होते हे आम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या इतिवृत्तानं."

सारिका खुर्चीच्या कडेला सरकली. "इतिवृत्तात सगळं येत नसतं, मॅडम."

"काय येत नाही?"

ताटाचं सांगायचा हक्क सारिकाचा एकटीचा नव्हता. "पेठेला विचारून सांगते."

"अवश्य विचारा. जे राहिलंय ते द्या, मी प्रतिपेठेला नव्यानं शिकवीन. ती नाही म्हणाली तर फवारा थांबवायची जबाबदारी माझी. शब्द देते."

सुट्टीच्या दिवशी दुपारी तानाक्काच्या अंगणात बायका जमल्या. गोदाक्कामागं तानाक्काच पेठेची थोरली. सारिकानं सगळं सांगितलं.

"आमी मत दिलं? कवा?" सरूबाई म्हणाली.

"गोदाक्कानं बी दिलं."

एकदम हशा पिकला आणि तसाच विरला. "मढं बी उठीवलं मुडद्यांनी," कुणीतरी पुटपुटलं.

तानाक्का सारिकाकडं वळली. "तेरा वर्सं तू काय लिवत हुतीस गं?"

सारिकानं तेही सांगितलं. वाटलं, आता शिव्या बसणार. पण तानाक्कानं सुस्कारा सोडला. "पाव्हण्याला लिवण्यात तरी कशाला दुखवायचं? आमी बी तेच लिवलं असतं." बाकीच्यांनीही माना हलवल्या. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या परमेश्वराला आपण कागदावर तेरा वर्षं खोटं बोलायला लावलं, हे सगळ्यांच्याच ध्यानात आलं होतं.

"मग आता ताटाचं सांगू त्यांना? प्रत्येक वेळी कुणी उचललं, कुणी सरकवलं, माझ्या डोक्यात आहे सगळं. ते सांगितलं तर यंत्र नाही म्हणेल, फवारा थांबेल."

"आवाज दिला, खोकला दिला, घरातलं दारातलं समदं सांगितलं," तानाक्का म्हणाली. "एक ताट तेवढं आपलं ऱ्हायलंय. ते बी दिलंस तर उद्या तेच वाचून आपल्याला नाचिवतील."

"मग पंधरा दिवसांत थांबवायचा कसा?"

"कारखान्याच्या फाटकात आडवं पडू. पर ताट द्यायचं न्हाई."

ताटाचं बाहेर सांगायचं का, यावर मग ताटच फिरलं. भरलेलं गेलं, भरलेलं परत आलं. स्वरानंही ते कपाळाला बोटं लावून पुढं सरकवलं.

सारिका घरी आली ती जळत आली. फाटकात आडवं पडणं तिनं दोनदा बघितलं होतं. दोन्ही वेळा पोलिसांनी बायकांना उचलून व्हॅनमध्ये भरलं आणि तासाभरात फाटक उघडलं. तानाक्काला बोलायला काय जातं? तिची पोर थोडीच पोटुशी आहे! आपली आई बसल्या जागी खोकत, ओठ निळे पडून गेली, ते आठवून सारिकाला रडू फुटलं. सोमवारी ती संस्थेत गेली. तीन दिवस बसून तिनं चौतीसच्या चौतीस ताटं सांगितली. कोण कुणाकडं बघून खांड उचलतं, कुणाची बोटं घुटमळतात, कुणी सरकवलं की पाठोपाठ कोण सरकवतं. दातारबाईंचे डोळे चमकत होते. त्या दोनदा म्हणाल्या, "ताई, हे सोनं आहे."

चौथ्या दिवशी प्रतिपेठेला पुन्हा विचारलं. बायका गोड बोलल्या, घ्या की म्हणाल्या, आणि पडद्यावर ताट भरलेलं परत आलं. शेवटी गोदाक्काचा आवाज आला, "चा घिऊन जावा." सारिका खुर्चीतच हुंदके देऊ लागली. दातारबाईंनी शब्द पाळला. फवाऱ्याची परवानगी त्याच संध्याकाळी परत केली. पेठेत आनंदीआनंद झाला. तानाक्का म्हणाली, यंत्राला बी अक्कल आली म्हनायची. कसं काय थांबलं, हे कुणी विचारलं नाही आणि सारिकानं सांगितलं नाही. आपण केलं ते बरोबरच केलं, असं तिनं मनाला पढवून ठेवलं.

दोन महिने गेले आणि दातारबाईंनी तिला बोलावून घेतलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

ज्या यंत्राला खरा नकार कळतो, त्याला नकाराचं कारणही विचारता येतं. आणि कसं विचारलं असतं तर होकार आला असता, हेही. दातारबाईंनी तेच केलं होतं. एकच प्रस्ताव एका दिवसात चार हजार तऱ्हांनी प्रतिपेठेपुढं मांडला. कुठं ताट भरून आलं, कुठं अर्धं. एका तऱ्हेत मात्र ते पार रिकामं झालं. दातारबाईंनी पुढं केलेल्या कागदावर ती लिहिली होती: 'वस्तीला विचारू नये. फक्त एका गरोदर स्त्रीला द्यावे. संसर्ग पसरू नये म्हणून तिला तीन महिने, प्रसूतीसह, एकटीला बंद खोलीत राहावे लागेल, हे स्पष्ट सांगावे. उरलेल्या स्त्रिया स्वतः मागणी करतील.'

"यात खोटं काहीच नाही, ताई," दातारबाई म्हणाल्या. "बंद खोली खरंच लागते. आणि मधल्या काळात दुसरीकडे सोळा गरोदर बायकांना दिलंय, सगळ्या ठीक आहेत."

"कुणाला विचारलंत?" सारिका उठून उभी राहिली.

"काल सही झाली. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं. स्वरा माने."

सारिका रिक्षानं सरळ लेकीच्या दारात उतरली. स्वरा तांदूळ निवडत होती. "कुणाला विचारून सही केलीस?"

"आजी कशी गेली ते मी बघितलंय, आई. माझ्या पोराला तो खोकला नको."

"पंखा बसवून घेऊ की गं."

"तेरा वर्षं पंखाच बसवतीयास तू."

सारिकाला थोबाडीत बसल्यासारखं झालं. तरी ती खाली बसली, पोरीचा हात धरला. "ऐक माझं. त्यांना तू नकोयस, त्यांना अख्खी पेठ पाहिजे. तुझ्या आडून त्या सगळ्यांना ओढताहेत. बायका तुला एकटीला बाळंत होऊ देणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे."

"त्यांना कसं ठाऊक?"

सांगायचं होतं ते ओठांवर आलं होतं. पण सारिका दुसऱ्या हातानं तांदळातले खडे वेचू लागली. स्वरानं हात सोडवून घेतला आणि सूप पुढं ओढलं.

दोन दिवसांत बातमी गल्लीगल्लीत झाली. पेठेत बाई अडली की सगळ्या बायका दारात बसतात, आतली कळ देते तसं बाहेरून तिला नावानं हाक मारतात. तिथं एक लेकरू तीन महिने बंद खोलीत एकटं? बायका आपणहून संस्थेत निरोप घेऊन गेल्या. म्हणाल्या, समद्यांनाच द्या, म्हंजी पोर घरात ऱ्हाईल.

दातारबाई लगोलग पेठेत आल्या. त्यांनी धोके सांगितले, फायदे सांगितले, काही लपवलं नाही. मग पिशवीत हात घालून स्टीलचं ताट काढलं. त्यात बारीक कातरलेली सुपारी होती. "तुमचीच पद्धत पाळू या," त्या मनापासून म्हणाल्या.

सगळ्या माना हळूहळू सारिकाकडं वळल्या.

सारिका उभी राहिली. "घेऊ नका! मी सांगितलं त्यांना ताटाचं, माझी चूक झाली. पण आता घेऊ नका. तुम्ही काय करणार हे यंत्रानं आधीच सांगितलंय त्यांना. हा सापळा आहे, बायांनो!"

तानाक्कानं तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "सापळा हाय ते दिसतंय की. म्हनून काय पोरीला एकटीला सोडायचं? आमी काय करनार हे त्या मशिनीला ठावं हाय, तर असू दे. आमाला बी ठावं हाय." तिनं पहिली खांड उचलली. मग सरूबाईनं, मग लक्ष्मीनं. स्वरा मान खाली घालून रडत होती. ताट सगळ्यांपुढून फिरलं. सारिकापुढं मात्र कुणी धरलं नाही.

दातारबाई टिपणं काढत म्हणाल्या, "एक निरीक्षक मात्र बाहेरचा लागेल. ज्याला जिवाणू लागलेले नाहीत असा. तीन महिने पेठेत पाऊल टाकता येणार नाही."

"ही हाय की," तानाक्का सारिकाकडं न बघता म्हणाली. "हिला बाहीरच ठेवा. हिला लिवायची सवय हाय."

"आक्का, माझी पोर बाळंत व्हायचीय! मला आत येऊ दे, मला पण द्या!"

सारिकानं स्वराकडं बघितलं. आई, तू ये, एवढं ती म्हणाली असती तरी पुरे होतं. स्वरा बायकांच्या घोळक्यात उठून घरात गेली.

फवारा सुरू झाला. दुसऱ्याच आठवड्यात कारखानदारांनी पंख्याची फाईल बंद केली. आता छात्याच धूळ बाहेर टाकणार म्हटल्यावर पंख्याला पैसा कोण घालतो? सारिका नाक्याच्या पलीकडं संस्थेनं दिलेल्या खोलीत राहत होती. रोज सकाळी सात वाजता पेठेतली आकडेवारी तिच्या पडद्यावर यायची. एकेक ओळ वाचायची, चूक नसेल तर पुढं बरोबरची खूण करायची, एवढंच तिचं काम. स्वराला तिनं रोज फोन लावला. स्वरानं एकदाही उचलला नाही.

सातव्या आठवड्यात एका सकाळी रोजच्या एकशे एकेचाळीस ओळींखाली एक ओळ जास्तीची आली. 'नोंद १४२. स्त्री, नवजात. वजन २.७ किलो. श्वसन समाधानकारक. जिवाणू आढळले. मातेची प्रकृती स्थिर. प्रसूतीवेळी उपस्थित: १४०.'

सारिकानं ती ओळ चार वेळा वाचली. उपस्थितांचा आकडा तिनं बोटांवर मोजून पडताळला. स्वरा सोडून बाकी सगळ्या, बरोबर होता. मग तिनं डोळे पुसले आणि ओळीपुढं खूण केली.